स्क्रॅप करण्याआधी...

सबमिशनच्या आदल्या रात्री आपण सगळे रिपोर्ट टाइम्स न्यू रोमन, साइज बारामध्ये टाकतो आणि प्रिंट मारतो. हा फॉण्ट आला कुठून? त्याचं मूळ शोधत गेलं तर आपण बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात, एका घराण्याच्या छापखान्यात पोचतो. त्या छापखान्याची गोष्ट आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी जरूर ऐकावी असं मला वाटतं.

क्रिस्तोफ प्लांटिन हा मूळचा फ्रेंच बुकबाइंडर. १५५५ मध्ये त्याने अँटवर्पला पुस्तकं छापायला सुरुवात केली. माणूस धाडसी! पाच भाषांतलं आठ खंडांचं बायबल त्याने छापलंच, शिवाय शब्दकोश आणि वनस्पतिशास्त्राची पुस्तकंही काढली. दशांश अपूर्णांक कसे वापरायचे हे युरोपला समजावणारी सायमन स्टेविनची छोटी पुस्तिका १५८५ मध्ये त्याच्याच लायडनच्या छापखान्यातून निघाली. म्हणजे आपल्या कॅल्क्युलेटरवरच्या त्या टिंबाशीही त्याचं नातं आहे.

१५८९ मध्ये प्लांटिन गेला आणि धंदा जावई यान मोरेटसकडे आला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या तो मोरेटस घराण्यातच राहिला. स्पेन आणि त्याच्या वसाहतींना प्रार्थनेची पुस्तकं पुरवायचा मक्ता त्यांच्याकडे होता. गिऱ्हाईक ठरलेलं, पैसा ठरलेला. मग नवं करून बघायची गरज कुणाला? १७६४ मध्ये स्पेनच्या राजाने परदेशी छापखान्यांचा हा हक्क काढून घेतला आणि घसरण सुरू झाली. बाहेर वाफेवरची यंत्रं आली, इथे मात्र लाकडी हातयंत्रंच राहिली. धंदा म्हणून बघाल तर हे सरळ सरळ अपयश आहे, आणि त्याचं कौतुक मी करणार नाही.

पण या लोकांनी एक गोष्ट केली. काही टाकलं नाही! शिशाचे खिळे, खिळे ओतायचे साचे, कामगारांच्या पगाराच्या वह्या, सगळं जपलं. १८७६ मध्ये त्यांनी घरासकट सगळं शहराला विकलं आणि पुढच्याच वर्षी तिथे म्युझियम उघडलं. जगातली सर्वांत जुनी दोन छापयंत्रं आज तिथे आहेत. २००५ मध्ये युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारसा ठरवलं.

आणि आपला फॉण्ट? तिथल्या जुन्या खिळ्यांच्या नमुन्यावरून १९१३ मध्ये इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने ‘प्लांटिन’ नावाचा टाइप बनवला. त्याचाच आधार घेऊन १९३२ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ या पेपरासाठी टाइम्स न्यू रोमन तयार झाला. म्हणजे जुन्या सामानातूनच नवीन डिझाइन निघालं ना?

आता आपल्याकडे बघा. नवीन मशीन आलं की जुनं भंगारात. ड्रॉइंग्ज रद्दीत, लॉगबुकं त्यांच्याच मागोमाग. सर म्हणतील, जागा कुठे आहे? बरोबर आहे, सगळं ठेवता येणार नाही. पण प्रत्येक लॅबने एक जुनं मशीन, त्याची ड्रॉइंग्ज आणि एक लॉगबुक एवढं तरी ठेवावं. शेजारी एक कार्ड लावावं: हे कधी आलं, काय करायचं, का बदललं. कार्ड आम्ही विद्यार्थी लिहू. नवीन मशीन तर हवंच! पण जुनं का बदललं हेच माहीत नसेल, तर पुढचं सुधारणार कोण?