‘व्यवसाय’ या शब्दाचा विसरलेला अर्थ

आपल्याकडे बारावी झालेल्या मुलामुलींना घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो : ‘पुढे काय?’ डॉक्टर किंवा इंजिनियर असे उत्तर मिळाले की त्याचे समाधान होते व तो चहाकडे वळतो. ‘कला शाखा’ असे उत्तर मिळाले, तर मात्र चहा निवला तरी प्रश्न संपत नाहीत.

हा जाच आम्हा कला शाखेवाल्यांनाच होतो असे नाही. माझी मावसबहीण पुण्यातच व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे. रीतसर पदवी घेतलेली, अनुभवी. तरीही नातेवाईक तिची ओळख करून देतात ती ‘ही मालीश करते’ अशी! थोडे शिकलेले लोक ‘फिजिओ’ म्हणतात आणि पाटी वाचू शकणारे विचारतात, ‘म्हणजे तुम्ही अपंगांना धंदा लावून देता का?’

हा घोटाळा शब्दाचा आहे, आणि शब्दाचे घोटाळे सोडवणे हे तर आपल्याच शाखेचे काम. आज ‘व्यवसाय’ म्हटले की पोटापाण्याचा उद्योग डोळ्यांपुढे येतो. परंतु संस्कृतात या शब्दाचा अर्थ प्रयत्न, निश्चय असा आहे. गीतेतही तो निश्चयाच्या अर्थानेच येतो. मला वाटते, ताईच्या कामाचे मर्म या जुन्या अर्थात आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाला सदरा घालायला शिकवायचे, तर आधी दुबळा हात बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. बोटे मिटत नसतील तर चमच्याची दांडी कापड गुंडाळून जाड करायची. एका हाताने भाजी चिरता यावी म्हणून पाटाला खिळे ठोकून त्यांत बटाटा अडकवायचा. स्नायूंत बळ येणे महत्त्वाचे खरेच. पण त्या बळाने माणूस स्वतःचा घास स्वतः घेतो की नाही, हा या शास्त्राचा प्रश्न आहे.

या शास्त्राचा इतिहास तर आपण मुद्दाम वाचावा असा आहे. १९१७ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे त्याची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. संस्थापकांत डॉक्टर होते, तसेच वास्तुशिल्पी आणि हस्तकलेच्या शिक्षिकाही होत्या. त्याच वर्षी महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. तेच पुढे आपल्या खडकीला आले.

भारतात हे शास्त्र रुजवले ते कमलाबाई निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्न करून त्या इथल्या झाल्या. अमेरिकेत जाऊन त्यांनी या विषयाचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. आपल्या पुण्याच्या इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर, या कमलाबाईंच्या सूनबाई. फलटणच्या शाळेला ‘कमला निंबकर बालभवन’ हे नाव आहे. इतके धागे जवळचे असूनही किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

पुढे महाराष्ट्राने २००२ मध्ये व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा केला. २०२१ च्या केंद्रीय कायद्यातही या व्यवसायाला स्थान मिळाले. कायद्याने नाव मिळते, नोंदणी मिळते, आणि ती मिळायलाच हवी. परंतु ओळख कायद्याने मिळत नाही. या व्यवसायाची गंमत अशी की तो जितका यशस्वी, तितका अदृश्य. आजीबाई स्वतःच्या हाताने पातळ नेसून देवळात निघाल्या, की त्यामागे कुणाचे चार महिने खर्ची पडले आहेत हे कोण विचारते? उत्तम शिक्षकाचेही असेच होत असते. विद्यार्थ्याला स्वतः विचार करता येऊ लागला की शिक्षक मागे पडतो.

‘मग सेवा समजून मुकाट्याने राबावे काय?’ असे कोणी विचारील. मुळीच नाही! त्यागाचे गोडवे गाऊन कमी पगार देण्याची आपली जुनी सवय आहे. माझे म्हणणे एवढेच की योग्य वेतन आणि मान मागतानाही, आपले मोल दुसऱ्याच्या पायावर उभे राहण्यात आहे हे ज्याला कळले, तोच त्या व्यवसायात वाढतो. ताई मला एकदा म्हणाली, “पहिली दोन वर्षं मी लोकांना मी कोण नाही ते सांगत होते. आता पेशंटला काय करावंसं वाटतं, ते आधी विचारते.” तिची वाढ मला या दोन वाक्यांत दिसते.

आता आपल्यापुरते. या पदवीसाठी बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान लागते, तेव्हा आपल्यासाठी तो दरवाजा बंद आहे. पण बाहेरून करण्याजोगे काम पुष्कळ आहे. घरी करायच्या सरावाचे कागद रुग्णाला पुष्कळदा इंग्रजीत मिळतात. ते वाचणार कोण? पेठेतल्या आजोबांना कळेल आणि हडपसरच्या मावशींनाही कळेल अशा मराठीत ते लिहिण्यासाठी मराठी आणि मानसशास्त्र या विभागांनी एकत्र बसावे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी ते घरोघर वाचून दाखवावेत, आणि मजकूर बरोबर आहे की नाही हे तज्ज्ञांनी तपासावे. खर्च कागदाचा आणि चार रविवारांचा. प्राध्यापकांनी मनावर घेतले, तर येत्या सत्रातच आरंभ करता येईल. तेवढा ‘व्यवसाय’, त्या जुन्या अर्थाने, आपल्या अंगी नक्कीच आहे.