पत्ता? कल्याणच्या पुढे!

'कुठे राहतोस?' या प्रश्नाला गेली बारा वर्षं माझं एकच उत्तर आहे. 'कल्याणच्या पुढे.' समोरचा 'म्हणजे नेमकं कुठे?' असं विचारेपर्यंत मी विषय बदललेला असतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरवाले आता गालातल्या गालात हसत असतील. हसा, हसा. तुम्हीही हेच करता, मला ठाऊक आहे!

पण गेल्या जूनमध्ये बंदा पुरता अडकला. बेंगळुरू ऑफिसातून ट्रेनिंगला आलेली एक कलीग, मूळची बेळगावची, लंच टाइमला म्हणाली, 'मरिन ड्राइव्ह झालं, कुलाबा झालं. या रविवारी तुझं गाव दाखव.'

'अगं, आमच्याकडे बघण्यासारखं काही नाहीये.'

'आणि अशा ठिकाणी तू बारा वर्षं राहतोयस?'

घ्या! आता दाखवणं भाग होतं. मग काय, एक अख्खा रविवार, तीन स्टेशनं आणि भरपूर रिक्षा.

सकाळ : दाल पकवान

सुरुवात उल्हासनगरपासून. इथे पत्ता सांगताना आधी कॅम्प नंबर सांगायचा, एक ते पाच. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या माणसांना याच बराकींत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारींनी या छावणीचं 'उल्हासनगर' असं नाव ठेवलं. सगळं गमावून आलेल्यांच्या गावाचं नाव उल्हास! पुढे 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जोक अख्ख्या महाराष्ट्राने केला. पण हात रिकामे असताना ज्यांनी कपड्यांपासून फर्निचरपर्यंतचे बाजार उभे केले, त्यांच्यावर हसताना जरा जपूनच.

रविवारी सकाळी इथे खायचं ते दाल पकवान. मैद्याचं कुरकुरीत तळलेलं पकवान, सोबत चणाडाळ, वर चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. पकवान डाळीत बुडवून ठेवायचं नाही, मऊ पडतं. तोडायचं, डाळ उचलायची, थेट तोंडात. आम्ही दोघांनी दोन-दोन प्लेट उडवल्या. गाडीवरच्या म्हाताऱ्या काकांनी तिचं बेळगावी वळणाचं मराठी ऐकलं आणि विचारलं, 'बेटी, बाहेरची आहेस?' ती 'हो' म्हणाली. काकांनी तिच्या पुढ्यात एक भाजलेला पापड ठेवला, पाण्याचा ग्लास ठेवला. म्हणाले, 'मग आमच्यातलीच.' पैसे फक्त पकवानाचे घेतले. सिंधी घरात पाहुण्याला पाण्यासोबत पापड देतात, हे मला बारा वर्षांनी त्या दिवशी कळलं.

दुपार : थेट 1060 साली

पुढचं स्टेशन अंबरनाथ. पूर्वेला उतरायचं आणि रिक्षावाल्याला 'शिवमंदिर' एवढंच म्हणायचं. इथल्या शिलालेखात शके 982 असा काळ कोरलाय, म्हणजे इसवी सन 1060. शिलाहार राजा मुम्मुणीची कारकीर्द. काळ्या दगडाच्या भिंतीवर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. देव, अप्सरा, हत्ती... मान मोडेस्तोवर बघत राहा. गाभाऱ्यात जायला चढायचं नाही, उतरायचं! पायऱ्या उतरून खाली गेलं की बाहेरची गर्दी, हॉर्न सगळं गायब. वर बघितलं तर शिखराच्या जागी थेट आभाळ.

खरं सांगायचं तर शेजारून वाहणाऱ्या वालधुनीकडे बघवत नाही. कारखान्यांनी आणि सांडपाण्याने त्या नदीचा पार नाला केलाय. कलीग म्हणाली, 'एवढं सुंदर मंदिर, आणि शेजारी हे?' मी गप्प. आपलं गाव आहे असं आपणच म्हणत नसलो, तर भांडणार तरी कोण?

संध्याकाळ : नदी आणि जांभळं

बदलापूर म्हटलं की पावसाळ्यात सगळ्यांना कोंडेश्वर आठवतं. धबधबा देखणा आहे, पण तिथल्या कुंडात उतरलेली किती तरी पोरं परत आलेली नाहीत. म्हणून प्रशासन पावसाळ्यात बंदी घालतं. फोटोसाठी जीव टाकू नका, बॉस.

आम्ही उल्हास नदीच्या पुलावर गेलो. येताना रस्त्यात टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडून जांभळं घेतली. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, माहितीये? जिभा जांभळ्या करून घेत मी तिला 27 जुलै 2019 ची गोष्ट सांगितली. याच उल्हासला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी. एनडीआरएफच्या बोटी आल्या, गावातली माणसंही धावली. कोण कुठले प्रवासी, पण त्यांच्या जेवणाखाण्याची सोय याच गावाने केली.

ती म्हणाली, 'आणि तू म्हणे इथे काही नाही!'

रात्र : नाइट लाइफ

पब, डीजे शोधत असाल तर सॉरी, उलट्या दिशेची लोकल पकडा. आमचं नाइट लाइफ म्हणजे उल्हासनगरचं गोल मैदान. आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत अख्खं खानदान खायला बाहेर पडलेलं. चाट खा, मग कुल्फी-फालुदा, मग पान. आणि स्टेशनबाहेरची भुर्जीपावची गाडी, शेवटच्या लोकलने घरी येणाऱ्या आपल्यासारख्यांची हक्काची.

सोमवारी कॅन्टीनमध्ये कुणी तरी विचारलं, 'वीकेंडला कुठे होतात?' मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, 'याच्या गावाला.' सगळे माझ्याकडे बघायला लागले.

'बदलापूर,' मी म्हटलं. विषय नाही बदलला.

जाताय ना?

कसं जाल : मध्य रेल्वेची अंबरनाथ, बदलापूर किंवा कर्जत लोकल. कल्याणनंतर क्रमाने विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. बदलापूरला जायचं तर अंबरनाथ लोकलमध्ये बसू नका.

काय खाल : दाल पकवान, सिंधी कढी-भात, साई भाजी, कोकी. होळीच्या सुमारास गेलात तर घीयर, म्हणजे जिलबीची थोरली बहीण.

काय टाळाल : पावसाळ्यात धबधबे आणि कुंड. महाशिवरात्रीला अंबरनाथला यात्रेची तुफान गर्दी असते, शिल्पं निवांत बघायची तर दुसरा दिवस निवडा.

आणि हो, मुंबईला परतायचं असेल तर शेवटच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा. फालुदा थांबतो, लोकल नाही!