फलश्रुतीवाचून वाचन

पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. अमुक अध्याय नित्य वाचला तर संतती, तमुक वाचला तर रोगनिवारण. पोथीला ते शोभतं. पण बाईनं हातात घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाकडे आपण फलश्रुती मागतो, आणि ती सांगता आली नाही की तिचं वाचन रिकामपणाचा उद्योग ठरतं. माझं भांडण या मागणीशी आहे.

बदनापुरात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. मृगाच्या तोंडावर बियाण्याच्या पिशव्या आणि बिलं यांतून मान वर काढायला सवड नसते. पेरण्या आटोपल्या की दुपारी गल्ल्यावर मी बसते आणि गिऱ्हाईक नसलं की वाचते. फवारणीचं औषध न्यायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "काय वैनी, कोणत्या परीक्षेचा अभ्यास करू लागल्या?" त्यांना तरी काय म्हणायचं? आमच्याकडे पुस्तक घेऊन बसलेला माणूस दिसतो तो अभ्यासिकेत, पोलीस भरतीच्या नाहीतर तलाठ्याच्या तयारीत. चाळिशी ओलांडलेल्या बाईला भरती नाही, म्हणजे तिला वाचायचंही कारण नाही. हिशेब सरळ आहे.

आता आक्षेप घेऊ. पहिला जुनाच: कादंबऱ्या वाचून बायका बिघडतात. असं म्हणणाऱ्यांनी जालन्याहून देऊळगावराजा, चिखली करत एकदा बुलढाण्याला जाऊन यावं. तिथं ताराबाई शिंदे राहत होत्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला आणि वर्तमानपत्रातून सरसकट बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांचा पंचनामा केला. त्यात 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या तेव्हाच्या गाजलेल्या कादंबऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. म्हणजे बाईंनी त्या वाचल्या होत्या, आणि चांगल्या बारकाईनं वाचल्या होत्या. बिघडल्या असतील तर त्या अशा बिघडल्या. पुढे त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचं पुस्तक विस्मरणात गेलं ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. बिघडलेल्या बाईला गप्प करायला समाजाला फारसे कष्ट पडत नाहीत, हेही यातून दिसतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो माझ्या सासूबाईंचा आहे. "तू वाचीत बसलीस तर भांडे कोण घासंल?" हा प्रश्न हसण्यावारी नेणाऱ्या शहरी लेखिकांचा मला राग येतो. घरातल्या एका बाईचं वाचन बहुतेक वेळा दुसऱ्या बाईच्या कंबरेवर चालतं. मी दुकानात पान उलटत असते तेव्हा माझं धुणं त्या वाळत घालत असतात, हे खरंच आहे. पण केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषाची ८८. सकाळी ओट्यावर पेपर पसरून बसणाऱ्या माझ्या नवऱ्याला, हा चहा कुणी केला, असं कुणी विचारत नाही. सासूबाईंचा प्रश्न मी खोडत नाही. तो चुकीच्या माणसाला विचारला गेलाय, एवढंच. सध्या रात्रीची भांडी थोरला घासतो, दहावीचं वर्ष असूनही. दुधाचं पातेलं मात्र पाण्यात भिजत घालून पळतो आणि सकाळी ते मलाच खरवडावं लागतं.

तिसरा आक्षेप कौतुकाच्या वेशात येतो, म्हणून त्याच्याशी भांडणं अवघड. "आई वाचते, म्हणून लेकरं वाचतात." डॉ. कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, आणि त्या दिवशीच्या भाषणांत हे वाक्य हमखास असतं. ऐकायला गोड आहे. माझ्या घरी मात्र ते टिकत नाही. थोरला मोबाइलवर क्रिकेट बघतो. धाकटी वाचते ती भुताच्या गोष्टी, आणि त्या तिला मी नाही, तिच्या मैत्रिणीनं लावल्या. उद्या दोघांनीही पुस्तकाला हात लावला नाही तर मी वाचन सोडायचं का? पारावर पत्ते कुटणाऱ्या बापाला कुणी म्हणत नाही की लेकरांचं गणित सुधारावं म्हणून खेळता का. बाईच्या विरंगुळ्यालाच तेवढी लेकरांची जामीनकी लागते.

मग वाचून होतं काय? फलटणला बेबी कांबळे किराणा दुकानात बसत आणि पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचत. लिहिलेलं त्यांनी घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. ते १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. गल्ल्यावर बसून ते वाचताना मला आधी बरं वाटलं, आपल्यासारखीच दुकानातली बाई म्हणून. पुढे बरं वाटेना. परक्यांनी केलेला जुलूम त्या लिहितातच, पण आपल्याच घरांत सासू कोवळ्या सुनेला कशी पिळून काढते हेही त्या झाकून ठेवत नाहीत. हे वाचून माझ्या घरात प्रेमाचा पूर आला असं मी सांगणार नाही. उलट काही दिवस मी सासूबाईंशी तुटक वागले, कारण त्यांच्या जागी मला माझी आजी दिसायला लागली आणि पुढची मीही.

नंतर 'स्मृतिचित्रे' आणलं. सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या, इथल्याच संशोधन केंद्रानं काढलेली पांढरी बीडीएन ७११. शेजारी बसून मी लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वेड मोठ्यानं वाचलं, बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेणाऱ्या त्या माणसाचं. सासूबाईंचं सूप थांबलं. "माहा सासरा याहून बेरकी," त्या म्हणाल्या. "साखरेच्या डब्यात वरून बोटानं रेघ वढून जायचा. रेघ मोडली की समजायचं, सुनंनं खाल्ली." मी विचारलं, मग खायची कशी? "खायची आन् आपणच रेघ वढायची. बोट माहं बारीक व्हतं, तेवढ्यावर धरलं त्यानं." त्या खदाखदा हसल्या. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनी कधी काढली नव्हती.

आता कुणी म्हणेल, ही घ्या तुमची फलश्रुती: सासूसुनेचं मनोमीलन. नाही. पुस्तक उघडताना मला साखरेचा डबा नको होता, मला लक्ष्मीबाई हव्या होत्या. सासूबाई हसल्या नसत्या, "बस झालं, सैपाकाला लाग" म्हणाल्या असत्या, तरी पुढचं पान मी रात्री वाचलंच असतं.

राहता राहिला तो ऑक्टोबरातला दिवस. तेव्हा आमच्याकडे सोयाबीनच्या मळण्या आणि कपाशीची वेचणी ऐन भरात असते. त्या दिवशी आयांना शाळेत बोलावून वाचनाचं महत्त्व पटवून देणाऱ्याला शिवार ठाऊक नाही. जुनी माणसं शहाणी होती. त्यांनी पोथी लावली ती श्रावणात, खुरपण्या ओसरल्यावर. शाळांनी, वाचनालयांनी श्रावणातली एक दुपार बायकांसाठी राखावी. पुस्तकं मांडून ठेवावीत, हवी ती घरी न्यायला द्यावीत, भाषण ठेवू नये आणि परत करताना काय बोध घेतला ते विचारू नये. चहा पुरुषांनी करावा, कपही त्यांनीच विसळावेत.