कायद्यात नाव आहे, आरक्षणात नाही

वर्ध्यात एप्रिल तापला की माझ्या हातातला खडू गळतो, फळा अंधुक दिसतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते; उन्हाने त्रास वाढतो. बाहेरून मात्र मी धडधाकट दिसते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार नावानिशी आहे. पण नोकरीत ४ टक्के आरक्षण देणाऱ्या कलम ३४ मध्ये त्याचं नाव नाही. म्हणून मी बोलू लागले.

उभं राहवत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाज अदा करता येते. माणसाची ताकद पाहून सवलत मिळते. कायद्यानेही तसंच पाहावं. आजार मुळातून बरा करणारं औषध अजून नाही. ते शोधा, हे मागूच. पण तोवर आमची रोजीरोटी तरी सांभाळा.