ड्रायव्हर हरवला म्हणजे संगणक गेला असे नव्हे

मागच्या महिन्यात एका रात्री शेजारच्या भाभी ओढणीत लॅपटॉप गुंडाळून आमच्या दारात उभ्या राहिल्या. सोबत त्यांची बारावीतली मुलगी, रडून डोळे लाल झालेले. भाईजान गेल्यापासून भाभी शिवणकामावर घर चालवतात. क्लासची फी झेपत नाही, म्हणून मुलगी यूट्यूबवरचे धडे ऐकून अभ्यास करते. भाईजानांनी दहा वर्षांपूर्वी घेतलेला हा लॅपटॉप फार मंद झाला, तेव्हा भाच्याने त्यात विंडोज १० नव्याने टाकून दिले. त्यानंतर आवाज बंद, वायफाय बंद आणि पडद्यावरची अक्षरे भलतीच मोठी.

"आपा, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, नवाच घ्या. दोन बांगड्या आहेत, त्या मोडू का?"

मी म्हटले, "भाभी, आधी बसा. चहा घ्या."

मी काही इंजिनिअर नाही. पण शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली बरीच वर्षे माझ्याकडे आहे. मदरबोर्ड गेलेला लॅपटॉप सहसा सुरूच होत नाही. हा तर सुरू होत होता. मग हरवले होते काय? ड्रायव्हर.

पालकसभेत एखाद्या अम्मीला फक्त उर्दू येते आणि साहेबांना फक्त मराठी. मी मध्ये बसते तेव्हा दोघांचे बोलणे होते. मी उठले की दोघेही गप्प. ड्रायव्हर हा असाच दुभाषा. विंडोज आणि आवाजाची, वायफायची, पडद्याची चिप यांच्यामध्ये तो बसतो. विंडोज नव्याने टाकताना जुने दुभाषे पुसले जातात, आणि जुन्या यंत्राचे सगळे दुभाषे नव्या विंडोजकडे असतातच असे नाही.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडले. तीन नावांपुढे पिवळे उद्गारचिन्ह होते. पैकी एकावर दोनदा क्लिक करून 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' पाहिले. तिथे व्ही-ई-एन या अक्षरांपुढे कंपनीचा क्रमांक असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १००२ म्हणजे एएमडी. आमच्या वायफायपुढे १०ईसी होते. चिप जिवंत होती, तिने आपली ओळख सांगितली होती.

आता नेटच नाही, तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? माझा फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टिथरिंग' चालू केले. नेट आले. मग विंडोज अपडेट चालवले. त्यातच 'ऑप्शनल अपडेट्स' या भागात वायफाय आणि पडद्याचे ड्रायव्हर मिळाले. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, तर अक्षरे पूर्ववत.

आवाज मात्र येईना. तेव्हा लॅपटॉप उलटा करून खालच्या चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक वाचला आणि लॅपटॉपच्या कंपनीच्याच संकेतस्थळावर तो टाकला. विंडोज १० साठी ड्रायव्हर नव्हता, विंडोज ८.१ चा होता. असा ड्रायव्हर पुष्कळदा चालतो. फक्त आपले विंडोज ३२ बिटचे की ६४ बिटचे हे पाहून तसाच घ्यावा. हे शेवटचे काम मी मुलीलाच करायला लावले. साडेअकराला तिने धडा लावला, आवाज आला, आणि भाभींनी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणत बांगड्या मागे सारल्या. कार्ड रीडरपुढचे पिवळे चिन्ह आजही तसेच आहे. त्याची गरज नाही, म्हणून राहू दिले.

भगिनींनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणारे प्रोग्राम टाकू नका. त्यातले बरेचसे शेवटी पैसे मागतात, काही नको त्या गोष्टी सोबत आणतात.

दोन, विंडोज नव्याने टाकण्याआधी फोटो आणि कागदपत्रांबरोबर ड्रायव्हरही पेनड्राइव्हवर घ्या. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हरस्टोअर या क्रमाने आत गेलात की 'फाइल रिपॉझिटरी' हा फोल्डर दिसेल. तो पूर्ण कॉपी करा. पुढे डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर' निवडून हाच फोल्डर दाखवला की नेटशिवायही काम होते.

तीन, मॉडेल क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा. खालची चिठ्ठी कालांतराने पुसट होते. भाभींनी तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे.

"नवाच घ्या" हे दुकानदाराचे उत्तर झाले. यंत्राला काय झाले आहे, हे आधी यंत्रालाच विचारावे. बारावीच्या मुलीला जमले, तुम्हालाही जमेल.