सरसाचे मोल कोणाच्या पदरात?

जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले; येथील काळ्या शेळीची जात मात्र अद्यापि ‘उस्मानाबादी’ म्हणूनच देशभर ओळखली जाते. दुष्काळी मुलुखातील अल्पभूधारकाला आणि भूमिहीन मजुराला ही शेळी अडीअडचणीचा आधार असते. तिचे मटण आणि करडे यांचे मोल त्याला पुरते ठाऊक आहे. परंतु कातडे व हाडे यांतून पुढे जे मोल निर्माण होते, त्यातले त्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

कातड्याच्या कातरणांत व हाडांत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. कातरणे चुन्याच्या पाण्यात मुरवून, स्वच्छ धुऊन मंद आचेवर शिजवतात. गाळलेला द्रव थंड होताच थिजतो. त्याच्या वड्या कापून वाळवल्या की सरस तयार होतो. हाडांपासून सरस काढण्यास वाफेचा दाब लागतो आणि उरलेल्या चोथ्याचे फॉस्फरसयुक्त खत होते. याच पदार्थाचे शुद्ध रूप म्हणजे जिलेटिन. ते औषधांच्या कॅप्सूलसाठी वापरतात. प्रत्येक पायरीवर किंमत वाढते आणि वाढलेली किंमत ज्याच्याकडे यंत्र व भांडवल त्याच्याकडे जाते. कच्चा माल विकणाऱ्या प्रदेशाची हीच शोकांतिका होय.

सुतारकामातून सरस जवळजवळ हद्दपार झाला, याचे दुःख करण्याचे कारण नाही. १९५९ नंतर आलेल्या फेव्हिकॉलसारख्या कृत्रिम डिंकांनी सरस तापवण्याची कटकट आणि दुर्गंधी दोन्ही संपवली. तथापि आगकाडीच्या गुलात सरस आजही लागतो. मागणी आटली आहे, संपलेली नाही.

मात्र जातीचा प्रश्न वगळून या धंद्याचा विचार करणे ही आत्मवंचना ठरेल. मेलेले जनावर ओढण्याचे काम गावगाड्याने विशिष्ट जातींवर लादले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाड येथे मृत मांस वर्ज्य करण्याचे आवाहन केले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. दुसरीकडे, वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयात गांधीवादी कार्यकर्त्यांनी मृत जनावराचा शास्त्रशुद्ध उपयोग करण्याचा प्रयोग केला. संपत्ती वाया जाऊ नये हा विचार योग्यच. पण तिचा भार एकाच जातीच्या शिरावर राहिला, तर तो उद्योग नव्हे, जुनीच वेठ ठरते.

कायद्याचे भानही हवे. राज्यातील १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. शेळ्या-मेंढ्या त्या बंदीबाहेर आहेत आणि नैसर्गिकरीत्या मेलेले जनावर म्हणजे कत्तल नव्हे. तरीही जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे मृत गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. अशा भीतीच्या छायेत कोणता व्यवसाय उभा राहील?

म्हणून प्रारंभ शेळीच्या कातड्यापासून व्हावा. नगरपालिकांच्या कत्तलखान्यांतून ती गोळा करून तत्काळ मीठ लावणारी सहकारी संस्था, सांडपाण्याची व्यवस्था, कामगाराला हातमोजे व यंत्र, आणि सर्व जातींना खुले असलेले पगारी काम, एवढे तरी शासनाने आणि बँकांनी मिळून घडवावे. हे जमणार नसेल, तर कच्चा माल बाहेर जाणे परवडले. परंतु ‘ग्रामोद्योग’ या गोंडस नावाखाली जुनी विटंबना नव्याने सुरू करणे परवडणारे नाही.