आठ पत्त्यांची नावे कोणी लिहायची?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातून गेलेली ईमेल पत्रे धडाधड परत येऊ लागली. यंत्र ठीक, तारा ठीक. मग बिघडले कुठे? पत्र घेणारे यंत्र आमचा आकडी पत्ता पाहून उलट विचारीत होते, "या आकड्याचे नाव काय?" आणि त्याला उत्तर मिळत नव्हते. निनावी पत्त्यावरून आलेली पत्रे पुष्कळ यंत्रे घेतच नाहीत. त्यात मुलांच्या शिष्यवृत्तीची पत्रेही अडकली.

नावावरून आकडा शोधण्याची डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. आकड्यावरून नाव शोधायची सोयही तिच्यातच आहे. पण तेथे एक गंमत आहे. पाकिटावर आपण आधी घर, मग गाव, शेवटी जिल्हा लिहितो. डीएनएसमधील नावे तशीच असतात. दूरध्वनीत मात्र आधी एसटीडी कोड, मग घरचा क्रमांक. आकडी पत्ते या जातीचे! म्हणून १९२.०.२.६६ चे नाव हवे असेल तर भाग उलटे लावून त्यांना ठरावीक शेपूट जोडतात: ६६.२.०.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा. (हा आकडा उदाहरणांसाठीच राखलेला आहे, आमचा खरा नव्हे.)

नावातील टिंबापाशी कारभार दुसऱ्याकडे सोपवता येतो, टिंबांच्या मध्ये नाही. पत्त्याचा प्रत्येक भाग ८ बिटांचा, म्हणून शेवटच्या टिंबापाशी तोडले तर एकदम २५६ पत्ते हाती येतात. आमचे पत्ते आठच. समजा, ६४ ते ७१. कंपनी म्हणाली, "एवढ्या लहान गटाचा कारभार सोपवता येत नाही."

हे मला मुळीच पटले नाही. मार्च १९९८ मध्येच ऐड्नेस, द ग्रूट आणि व्हिक्सी यांनी आरएफसी २३१७ या टिपणात यावर तोड सांगितली आहे. टिंब नाही ना? मग नवे घाला! कंपनीने '६४-७१' नावाची एक फांदी काढून ती आमच्या नाव-यंत्रांकडे सोपवायची आणि आठही आकड्यांपुढे 'खरे नाव त्या फांदीवर पाहा' एवढेच लिहायचे. म्हणजे ६६.२.०.१९२ ला विचारले, की ६६.६४-७१.२.०.१९२ कडे बोट दाखवले जाते. हे लिखाण एकदाच. पुढचे फेरफार आमचे आम्ही करू.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. आमची नाव-यंत्रे बंद पडली तर उत्तरेही बंद. म्हणून ती दोन हवीत, तीही वेगवेगळ्या जागी. शिवाय आठ नावे कंपनीने स्वतःच लिहून टाकणे सोपे. ती तरी लिहावीत! आम्ही एका नावासाठी तीन आठवडे अर्ज करीत होतो. ज्याचे यंत्र, त्यानेच त्याचे नाव लिहावे असे माझे मत आहे. 'सोपवायचे नाही' असे कंपनीने म्हटले असते तर वाद घालता आला असता. 'सोपवता येत नाही' हे चूकच होते.

तुम्हीही करून पाहा. संगणकावर एनएसलुकअप ही आज्ञा देऊन पुढे ८.८.८.८ लिहा. डीएनएस.गूगल हे नाव येईल. आता ते नाव देऊन आकडा विचारा, आणि तोच परत येतो का ते पाहा.